‘चालेल’ म्हणजे नेमकं काय चालेल?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीची गच्ची गळायला लागली. दोन इमारती, बहात्तर फ्लॅट, आणि वरच्या मजल्यावरच्या चार घरांत छताला ओल. गच्चीवर नव्याने कोबा घालायचा की केमिकल कोटिंग मारायचं, यावर ऑगस्टभर चर्चा चालली. चर्चा समोरासमोर नव्हे, सोसायटीने घेतलेल्या अॅपवर. पाहुण्यांची नोंद, मेंटेनन्सची बिलं आणि रहिवाशांची भांडणं असं सगळं त्यात एकत्र आहे. कुणी काही लिहिलं की त्याच्या खाली, जरा उजवीकडे सरकून, त्याला आलेली उत्तरं दिसत. उत्तराला उत्तर आलं की ते आणखी थोडं उजवीकडे. दिसायला जिन्यासारखं, पण कोण कुणाशी बोलतंय ते कळायचं.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात अॅपने रूप पालटलं. रंग बदलले, अक्षर मोठं झालं, ते बरंच झालं. पण तो जिना गेला. सगळे संदेश एका रेषेत आले आणि ज्याला जास्त अंगठे तो वर, असा क्रम लागला. तारीख आणि वेळही गेली. तिच्या जागी ‘१ महिन्यापूर्वी’ असं दिसायला लागलं. सहा ऑगस्टला लिहिलेलं १ महिन्यापूर्वी, तेरा ऑगस्टला लिहिलेलंही १ महिन्यापूर्वी.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा भरली. सचिवांनी फोन हातात धरून एकेकाचा होकार वाचायला घेतला.

“तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचीही तयारी आहे. हे बघा, ‘चालेल’ लिहिलंय. अकरा अंगठे आहेत.”

काका उठून उभे राहिले. “अहो, मी कोटेशनला चालेल म्हटलं होतं. तीन ठेकेदारांकडून मागवू या का, असं खजिनदारांनी विचारलं होतं, त्याला. फ्लॅटमागे पंचवीस हजाराला नव्हे.”

“पण काका, पंचवीस हजारांच्या खालीच आहे ना तुमचं चालेल.”

“खाली असेल. त्याला नाही ते.”

सभा हसली. काका बसले, पण हसले नाहीत. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: कोबा करा आणि पैसे सिंकिंग फंडातून काढा. हे निम्म्या सभेला माहीत होतं. तरीही कागदावर, म्हणजे काचेवर, त्यांचा होकार होता आणि त्याला अकरा जणांचं अनुमोदन होतं. त्या अकरा जणांनी अंगठे कशाला दिले होते, कोटेशनला की पैशाला, हे आता ते अकरा जणही सांगू शकत नव्हते. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. काय लिहावं ते मला कळेना.

खाली असणं वेगळं आणि त्याला असणं वेगळं. एवढी साधी गोष्ट, पण ती तोंडाने बोलताना आपल्याला कधी सांगावी लागत नाही. पंगतीला दहा जण बसलेले असतात, तीन विषय एकाच वेळी चाललेले असतात, आणि कुणी ‘छे, मुळीच नाही’ म्हटलं तर ते आमटीच्या तिखटपणाबद्दल आहे की भाचीच्या स्थळाबद्दल, याचा घोळ होत नाही. कारण बोलणाऱ्याची मान वळलेली असते. डोळे कुणावर तरी असतात. लिखाणाला मान नाही. म्हणून लिहिलेल्या संवादात मान वळवण्याची काहीतरी वेगळी सोय करावी लागते, आणि ती माणसाने फार पूर्वीपासून केलेली आहे. वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा ‘आपल्या १४ जूनच्या अंकातील अमुक मथळ्याचे पत्र वाचले’ असं म्हणून मगच तलवार उपसतो. सरकारी पत्रात ‘विषय’ या ओळीखाली ‘संदर्भ’ ही ओळ असते आणि तिथे आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक असतो. या ओळींची आपण टिंगल करतो. त्यांच्याविना कारकुनी चालणार नाही, हे कारकुनाला ठाऊक असतं.

मराठीत ही सोय जास्तच लागते, असं मला वाटतं. आपली उत्तरं फार आखूड असतात. ‘हो ना.’ ‘तेच म्हणतो.’ ‘बघू.’ ‘उलट.’ ‘नाही तर काय!’ यांतल्या एकाही उत्तरात कर्ता नाही, बहुतेकांत कर्म नाही, कधी कधी क्रियापदही नाही. सगळा अर्थ समोरच्याच्या वाक्यातून उसना घेतलेला असतो. ‘नाही तर काय’ हा तर होकार आहे, त्यात ‘नाही’ असूनही! आणि ‘आला नाहीस का?’ या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हटलं तर तो आला की नाही आला, हे घरातलं माणूसच सांगू शकेल. अशा भाषेत उत्तर त्याच्या प्रश्नापासून सोडवून दुसरीकडे ठेवणं म्हणजे गाडीचं चाक काढून अंगणात ठेवणं. चाक तेच राहतं, पण जात कुठेच नाही.

संगणकावर पत्रव्यवहार सुरू झाला तेव्हा ज्यांनी त्याचे नियम बांधले त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९८२ मध्ये ठरलेल्या ई-मेलच्या नियमावलीत, जिला आरएफसी ८२२ म्हणतात, प्रत्येक संदेशाला स्वतःची ओळख देण्याची सोय आहे आणि तिच्याबरोबर दोन ओळी आहेत: हा संदेश कुणाचं उत्तर आहे, आणि याच्या मागे कोणकोणते संदेश आहेत. ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’. जावक क्रमांक आणि संदर्भच, दुसरं काही नाही. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिलेलं यूझनेट हे संगणकांवरच्या चर्चांचं जाळं जगभर पसरल्यावर १९८७ च्या नियमांनी तिथे उत्तरादाखल लिहिलेल्या प्रत्येक लेखाला मागचे संदर्भ सांगणं सक्तीचं केलं. वाचणाऱ्याला या ओळी दिसत नाहीत. पण यंत्र त्यांच्यावरून वंशावळ मांडतं.

नेटस्केपच्या मेलसाठी ही वंशावळ मांडण्याची एक रीत जेमी झविन्स्की यांनी बसवली आणि मग ती सविस्तर लिहून सगळ्यांना खुली केली. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडते. समजा, एखाद्या उत्तरात ‘अमक्या संदेशाला उत्तर’ असं आहे, पण तो अमका संदेश आपल्याकडे पोचलाच नाही किंवा पुसला गेला. तर ही रीत त्याच्या जागी एक रिकामं घर धरते आणि उत्तर त्याच्याखाली लावते. पुढे तो संदेश आला तर त्या घरात बसतो. न आलेल्या माणसासाठी पाट मांडून ठेवावा, तसं. उत्तर दुसऱ्याच्या पाटावर ढकलून देत नाही. आमच्या अॅपने नेमकं तसं ढकलून दिलं होतं.

आता जरा मागे जातो, दोन हजार वर्षं.

पतंजलीचं महाभाष्य हे जगातल्या सगळ्यांत गुंतागुंतीच्या लिखित चर्चांपैकी एक आहे. मुळाशी पाणिनीचं व्याकरणसूत्र. सूत्र म्हणजे धागाच, आणि इंटरनेटवरच्या चर्चेलाही धागाच म्हणतात, हा योगायोग गमतीचा आहे. सूत्रावर कात्यायनाची वार्तिकं, वार्तिकांवर पतंजलीचं भाष्य. भाष्यातही एकच आवाज नाही. कुणी शंका काढतो, कुणी तिला उत्तर देतो, मग ते उत्तर अर्धवट आहे असं दाखवून दुसरं येतं. अर्धवट उत्तर देणाऱ्याला परंपरेने ‘एकदेशी’ म्हटलं, अखेरचं खरं म्हणणं मांडणाऱ्याला ‘सिद्धान्ती’. म्हणजे शास्त्रीबुवांना पहिला धडा हाच असे, की हे वाक्य कुणाचं आणि कुणाला. कारण पोथीत सगळं सलग. बोलणारा बदलला तरी नवी ओळ नाही, नाव नाही. त्यातून कात्यायनाची वार्तिकं स्वतंत्र ग्रंथ म्हणून हाती आलेलीच नाहीत. ती भाष्याच्या पोटातून वेचून काढावी लागतात.

या सलगपणाचा फटका कात्यायनाला बसला. थिओडोर गोल्डस्टुकर या थोर संस्कृतज्ञाने १८६१ मध्ये पाणिनीवरच्या आपल्या पुस्तकात कात्यायनाला पाणिनीचा मित्र नव्हे, तर प्रतिपक्षी ठरवलं. आक्षेप दिसतात, म्हणजे आक्षेपक असला पाहिजे. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून शिकवत असलेल्या फ्रांट्स कीलहॉर्न यांनी हे प्रकरण हाती घेतलं. त्यांनी एक खूण पकडली: पतंजली वार्तिक घेतो तेव्हा बहुधा तेच वाक्य आपल्या शब्दांत पुन्हा उलगडून सांगतो. त्या खुणेवरून कात्यायनाचं कोणतं आणि पतंजलीचं कोणतं, हे वेगळं करता येऊ लागलं. १८७६ मध्ये मुंबईत छापलेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की कात्यायन आक्षेप घेतो हे खरं, पण अनेकदा तोच त्याचं समाधानही करतो. पाणिनीला खोडून काढणं हे त्याचं काम नव्हतं. त्याच्या सूत्रांची पारख करणं हे होतं. पुढे १८८० ते १८८५ मध्ये कीलहॉर्न यांची महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि वार्तिकं त्यात वेगळी दिसू लागली. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केलेलं या ग्रंथाचं मराठी भाषांतरही पुण्यातच निघालं. ज्याला संस्कृत जमत नाही त्याने ते उघडून एखादं पान वाचावं. व्याकरण कळलं नाही तरी भांडणाची शिस्त कळेल.

कात्यायनाची गोष्ट मी लांबवली, कारण ती काकांचीच गोष्ट आहे. एका माणसाचं उत्तर कुणाला आहे ते हरवलं आणि माणसाची भूमिकाच उलटी दिसायला लागली. कात्यायनाला कीलहॉर्न भेटले. काकांना मी भेटलो, आणि माझ्याकडे ‘१ महिन्यापूर्वी’ एवढाच पुरावा होता.

संवाद लावण्याचे क्रम मुळात तीनच. एक काळाचा: जो आधी बोलला तो आधी. दुसरा उत्तराचा: ज्याला उत्तर त्याच्याखाली, मग त्याच्या फांद्या, फांद्यांना फांद्या. तिसरा पसंतीचा: ज्याला टाळ्या जास्त तो वर. पहिल्या दोहोंत कोणता बरा यावर जाणकारांत जुनं भांडण आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना दम आहे. फांद्यांच्या विरुद्ध सगळ्यांत जोरदार मांडणी २०१२ मध्ये जेफ अॅटवुड यांनी केली आणि लगेच पुढल्या वर्षी डिस्कोर्स नावाची, संदेश सलग लावणारी व्यवस्था आणली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फांद्यांच्या झाडात नवं काय आलं ते शोधायला पुन्हा सगळं झाड चढावं लागतं, लोक मूळ विषय सोडून आपापल्या फांदीवर जाऊन बसतात, आणि पाचव्या-सहाव्या पातळीवर उत्तराची रुंदी बोटभर उरते. हे खोटं नाही. आमच्याच अॅपवर ‘गच्ची’ या विषयाच्या एका फांदीवर दोन शेजारी कुत्र्याच्या भुंकण्यावर वीस संदेश भांडले होते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मोबाइलच्या अरुंद काचेवर जिना मावत नाही, हीही खरीच अडचण. रूप पालटणाऱ्यांचं पहिलं कारण बहुधा तेच असतं. त्यांना दुष्ट ठरवायची मला हौस नाही.

शिवाय सगळं बोलणं झाडासारखं जपायचं नसतंच. मराठी माणसांनी इंटरनेटवर १९९६ पासून मायबोली या संकेतस्थळावर ज्या गप्पा मारल्या, त्यांत एक सुंदर शब्द तयार झाला: वाहतं पान. गप्पांचं पान वाहतं असतं. त्यावरचे जुने संदेश नदीसारखे पुढे निघून जातात, ते कुणी शोधायला जात नाही. आणि ज्यावर वाद, माहिती, पाककृती टिकवायची तो धागा. हा भेद इतक्या सहज शब्दांत दुसरीकडे कुणी केलेला मी तरी पाहिलेला नाही. व्हॉट्सअॅपचे गट ही वाहती पानं आहेत. तिथे २०१६ पर्यंत विशिष्ट संदेशाला टेकवून उत्तर देण्याची सोयही नव्हती, म्हणजे सुरुवातीची सात वर्षं अख्खं जग ‘काका, हे तुम्हाला नाही, वरच्यांना’ असं लिहीत होतं. वाहत्या पानावर ते चालतं. गडबड तेव्हा होते, जेव्हा वाहत्या पानावर पंचवीस हजारांचे ठराव होतात, किंवा धाग्याचं एका रात्रीत वाहतं पान करून टाकलं जातं.

तेव्हा काळाचा क्रम की फांद्यांचा, याबद्दल माझा हट्ट नाही. सलग क्रमातही प्रत्येक उत्तरावर ‘हे अमक्याला’ अशी बारीक खूण ठेवली की पुरतं. मला खुपतो तो तिसरा क्रम, आणि त्याहून जास्त खुपतं ते झालेल्या बोलण्याचा क्रम नंतर बदलणं.

पसंतीचा क्रम संवादाला लावताच येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो यादीला लावता येतो. उत्तम दहा मिसळी, उत्तम दहा नाटकं, लावा खुशाल. पण प्रश्न, शंका, उत्तर, कबुली यांना टाळ्यांप्रमाणे लावलं तर चुरचुरीत उत्तर वर जातं आणि ज्याच्यामुळे ते चुरचुरीत वाटलं तो प्रश्न तळाला जातो. ‘माझं चुकलं, मागे घेतो’ याला कोण अंगठा देतो? ती कबुली सगळ्यांत खाली जाते आणि मागे घेतलेलं विधान वर मिरवत राहतं. ट्विटरने २०१६ च्या फेब्रुवारीत काळाचा क्रम सोडून ‘तुम्हाला आवडेल ते आधी’ हा क्रम आणायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण सगळे कालचं भांडण आज वाचतो आणि त्याचा समेट परवा, किंवा कधीच नाही. या व्यवस्थांना बोलणं हे बोलणं वाटत नाही, माल वाटतं. मालाची मांडणी गिऱ्हाइकाची नजर थांबेल अशी करतात. त्यात दुकानदाराचं चुकत नाही. पण आपण दुकानात बसून सभा घेतोय, हे आपल्याला कळायला हवं.

आता झालेल्या बोलण्याचा क्रम बदलण्याबद्दल. मांडणी म्हणजे वरवरचा रंग, आतला मजकूर तर तसाच आहे, असं सांगतात. आमच्या अॅपवाल्यांनीही तक्रारीला हेच उत्तर दिलं: एकही संदेश पुसला गेलेला नाही. खरं आहे. पण लोक लिहितात तेव्हा मांडणीवर भार टाकून लिहितात. ‘वरच्या मताशी सहमत.’ ‘खाली कुणीतरी म्हटलंय तसं.’ ‘वरील तिन्ही मुद्दे मान्य, चौथा नाही.’ यातला ‘वर’ हा शब्द कागदाकडे बोट दाखवतो. कागद फिरवला की बोट भलतीकडे जातं. ज्या क्षणी माणसाने ‘वरील’ लिहिलं त्या क्षणी ती मांडणी त्याच्या वाक्याचा भाग झाली. ती नंतर बदलणं म्हणजे त्याचं वाक्य बदलणं. अक्षरं तीच ठेवून.

छापखान्याच्या जगाला हे कळलं होतं. यहुद्यांच्या तालमूद या ग्रंथाचं पान कधी चित्रात तरी पाहा. मधोमध मूळ चर्चा, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्याच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने घेतलेल्या शंका. आजोबांशी नातवंडांचा वाद, एकाच पानावर, मधल्या मजकुराच्या दोन अंगांना. सोळाव्या शतकाच्या विशीत व्हेनिसला डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण बाबिली तालमूद पहिल्यांदा छापून काढला आणि त्याने पानांना दिलेले क्रमांक रूढ झाले. आजही त्याच पान-क्रमांकांनी उल्लेख करतात. अक्षरं सुधारली, टीपा वाढल्या, कागद बदलला. पण अमकं वाक्य अमक्या पानाच्या अमक्या बाजूला, हे पाचशे वर्षांत हललेलं नाही. नव्या वाचकाला ते पान भयंकर वाटतं. सोपं करून छापायची इच्छा कितीतरी मुद्रकांना झाली असेल. कुणी सोपं करून छापलंही असेल, तरी पान-क्रमांक तेच ठेवावे लागतात, कारण पाचशे वर्षांचं बोलणं त्यांना टांगलेलं आहे.

इतक्या लांब जायचं नसेल तर मंत्रालयातली कागदी नस्ती घ्या. एका बाजूला टिपण्या, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार, दोन्हींना वेगळे पृष्ठ-क्रमांक. टिपणी लिहिणारा कारकून असो की सचिव, तो आधीच्या टिपणीखालीच लिहितो आणि पत्राचा उल्लेख पृष्ठ-क्रमांकाने करतो. मधे पान घुसवता येत नाही. साहेबांच्या टिपणीला जास्त सह्या पडल्या म्हणून ती वर जात नाही. नस्ती वर्षभर टेबलावर पडून राहते, हा तिचा दोष आहेच. पण वीस वर्षांनी माहितीच्या अधिकारात ती कुणी मागितली तर कोण कुणाला काय म्हणालं ते कळतं. आमच्या सोसायटीचं दोन महिन्यांतच कळेनासं झालं.

मग मांडणी कधी बदलूच नये का? बदलावी. पण जुनं बोलणं जुन्या मांडणीत वाचता येण्याची वाट उघडी ठेवावी. हे अशक्य नाही. रेडिटने २०१८ मध्ये रूप पालटलं तेव्हा जुनं रूप वेगळ्या पत्त्यावर तसंच ठेवलं आणि अनेक जुनी मंडळी तिथेच जाऊन बसतात. जीमेल २००४ मध्ये आलं तेव्हा पत्रं संवादाच्या गठ्ठ्यांत बांधूनच मिळत. गठ्ठा नको असेल तर सोडवण्याची सोय नव्हती. एकाच विषयाच्या शंभर पत्रांनंतर नवा गठ्ठा, विषयाची ओळ बदलली की नवा गठ्ठा. लोकांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली आणि २०१० च्या सप्टेंबरमध्ये गठ्ठा सोडवण्याचं बटण आलं. सहा वर्षं लागली एका बटणाला! पण आलं. आणि तारीख? पूर्ण तारीख आणि वेळ दाखवायला तर बटणही नको. ‘१ महिन्यापूर्वी’ हे वाचायला सोपं असेल, पण तो दिनांक नव्हे. इतिवृत्तात मी ‘दि. १ महिन्यापूर्वी’ असं लिहू का?

सवय होईल, असं एक उत्तर नेहमी मिळतं. नवा रस्ता, नवं घर, नवी मांडणी, सगळ्याची होते सवय. नव्याने लिहिणाऱ्यांची होते, मान्य आहे. आमच्या अॅपवर आता लोक आपोआप ‘ए-४०२ यांच्या लिफ्टच्या मुद्द्याला उत्तर’ अशी सुरुवात करायला लागले आहेत. जावक क्रमांक आणि संदर्भ माणसांनी हाताने पुन्हा शोधून काढला. यंत्राने टाकून दिलेलं काम माणसाच्या गळ्यात पडलं, एवढाच त्याचा अर्थ. पण ऑगस्टमध्ये जे लिहून गेले त्यांना सवय लावून घेण्याची संधी कुठे आहे? त्यांतल्या एक आजी तर मुलाकडे नागपूरला राहायला गेल्या. त्यांचं ‘मुळीच नको’ अजून तिथे आहे, पार्किंगच्या प्रश्नाखाली. त्या कशाला मुळीच नको म्हणाल्या होत्या ते आता फोन करूनच विचारायला हवं.

म्हणून जे हे घडवतात त्यांना, आणि आपल्या भाषेतली कितीतरी तरुण मुलं आज पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरात बसून हेच घडवतात, एक विनंती आहे. पडदा हवा तसा रंगवा, अक्षर हवं तेवढं वाढवा. पण हे उत्तर कुणाला आणि केव्हा, या दोन गोष्टी पडद्यावरून काढू नका, आणि जे बोलून झालं आहे त्याचा क्रम टाळ्यांच्या हाती देऊ नका. आरएफसी ८२२ वाचायला वेळ नसेल तर एखाद्या निवृत्त कारकुनाशी अर्धा तास बोला.

आमच्या सभेत अखेर ठराव पुन्हा मांडून हात वर करून मोजणी झाली. इतिवृत्तात मी तेवढंच लिहिलं. अॅपवरच्या होकारांचा उल्लेख केला नाही. कोबा ठरला, पैसे थोडे सिंकिंग फंडातून, थोडे घरटी. काम जानेवारीत झालं. काका आता अॅपवर काही लिहीत नाहीत. काही म्हणायचं असेल तर जिना उतरून खाली येतात आणि ज्याला म्हणायचं त्याच्या दाराची बेल वाजवतात.